मायोराना अवस्था स्वतः मोजून बघा: कितायेव्ह साखळीपासून नॅनोवायरपर्यंत

मायोराना अवस्थांवरचे शोधनिबंध वाचताना बहुतेक जण एकाच जागी अडतात. संवाहकतेच्या आलेखात शून्य व्होल्टेजला एक शिखर दिसतं आणि मजकूर सांगतो, ही मायोरानाची खूण. हेच शिखर दुसऱ्या एखाद्या कारणाने येईल का, हे निबंध कितीही वेळा वाचून समजत नाही. ते स्वतः गणित चालवून, एकेक गोष्ट बदलून बघितल्यावर समजतं. म्हणून हा लेख हाताने करून बघायच्या पायऱ्यांमध्ये लिहिला आहे. पदवीच्या पातळीचं क्वांटम मेकॅनिक्स, पायथन, नमपाय आणि साधा लॅपटॉप एवढं पुरेल. निर्मिती आणि विनाश ऑपरेटरांची तोंडओळख असेल तर उत्तम.

आधी कल्पना

एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये अशा कणाची शक्यता मांडली की जो स्वतःचाच प्रतिकण असेल. अतिसंवाहकात हे चित्र आपसूकच जवळ येतं, कारण तिथलं उत्तेजन म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांचं मिश्रण असतं. ऊर्जा अगदी शून्य असेल तर दोघांचा वाटा निम्मा-निम्मा होतो आणि निर्माण करणारा ऑपरेटर व नष्ट करणारा ऑपरेटर एकच ठरतो.

अडचण स्पिनची आहे. नेहमीच्या अतिसंवाहकात 'वर' स्पिनचा इलेक्ट्रॉन 'खाली' स्पिनच्या इलेक्ट्रॉनशी जोडी जमवतो. त्यामुळे मिश्रणातले इलेक्ट्रॉन आणि होल वेगवेगळ्या स्पिनच्या ऑपरेटरांतून येतात आणि 'स्वतःचाच प्रतिकण' ही अट जमत नाही. अलेक्सेई कितायेव्ह यांनी २००१ च्या निबंधात स्पिनच काढून टाकला: एका ओळीतल्या साइट, शेजाऱ्याकडे उडी, आणि शेजाऱ्याशीच जोडी. कोणताही साधा फर्मिऑन कागदावर दोन मायोरानांमध्ये फोडता येतो, पण ते दोघे एरवी एकाच जागी असतात. या साखळीत ते दोन टोकांना जाऊन बसतात. सगळा विषय या एका वाक्यात आहे, आणि ते खरं आहे का हे आपण आता तपासणार आहोत.

पायरी १: साखळीचा मॅट्रिक्स

एन साइटची साखळी घ्या. तीन आकडे लागतील: म्यू (रासायनिक विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठल्या ऊर्जेपर्यंत भरले आहेत ती पातळी), हॉपिंग (शेजाऱ्याकडे उडीची ताकद) आणि डेल्टा (जोडीची ताकद). मॅट्रिक्स २एन बाय २एन आकाराचा होईल. डावीकडचा वरचा चौकोन इलेक्ट्रॉनांचा: कर्णावर उणे म्यू, कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या ओळींत उणे हॉपिंग. उजवीकडचा खालचा चौकोन होलांचा: तोच मॅट्रिक्स, चिन्ह उलट. उरलेले दोन चौकोन जोडीचे. वरच्या चौकोनात साइटकडून पुढच्या साइटकडे जाताना अधिक डेल्टा, मागे येताना उणे डेल्टा. खालचा चौकोन हे त्याचं पक्षांतर (ट्रान्सपोज).

या अधिक-उण्याकडे नीट लक्ष द्या. पहिल्यांदा लिहिताना मी दोन्हीकडे अधिक डेल्टाच लिहिला होता आणि त्यात माझे दोन दिवस गेले. ऊर्जा शून्याच्या वर-खाली सममित येत होत्या, मॅट्रिक्स हर्मिशियन होता, नेहमीच्या सगळ्या तपासण्या उत्तीर्ण होत होत्या. फक्त टोकाला काहीच सापडत नव्हतं. म्यू शून्य असताना पट्टाभर ऊर्जा शून्यापर्यंत पसरलेल्या, म्यू वाढवला की नुसती गॅप, म्हणजे शून्याभोवती ऊर्जांची रिकामी जागा. शेवटी जोडीचा चौकोन एन चार घेऊन छापला आणि चूक डोळ्यांसमोर आली. स्पिन नसलेल्या फर्मिऑनांची जोडी जागा बदलली की चिन्ह बदलते, म्हणून तो चौकोन अँटिसिमेट्रिक असलाच पाहिजे. ऊर्जांची सममिती ही चूक पकडत नाही. जोडीचा चौकोन आणि त्याचं पक्षांतर यांची बेरीज शून्य येते का, ही ओळ कोडमध्ये कायमची ठेवा.

आता चाचणी: एन ५०, हॉपिंग १, डेल्टा १, म्यू ०. नमपायमधलं हर्मिशियन मॅट्रिक्ससाठीचं फंक्शन वापरून आयगेनव्हॅल्यू काढा. एकूण १०० ऊर्जा मिळतील: ४९ बरोब्बर अधिक २, ४९ बरोब्बर उणे २, आणि दोन शून्य. हे असंच यायला हवं. जवळपास आलं तर कुठेतरी चूक आहे.

पायरी २: म्यू फिरवा

हॉपिंग आणि डेल्टा १ वर ठेवून म्यू ० पासून ४ पर्यंत बदला आणि सगळ्या ऊर्जा म्यूच्या विरुद्ध आखा. मधली शून्य रेषा म्यू २ पर्यंत सरळ जाते, तिथे वरचा आणि खालचा पट्टा एकमेकांकडे येतात, आणि पुढे गॅप पुन्हा उघडते तेव्हा शून्य रेषा नाहीशी झालेली असते. म्यूचं मूल्य हॉपिंगच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर साखळी टोपोलॉजिकल, जास्त असेल तर साधी. गॅप बंद झाल्याशिवाय एका अवस्थेतून दुसरीत जाता येत नाही. पुढे प्रयोगांकडे वळू तेव्हा हेच वाक्य सर्वात जास्त उपयोगी पडेल, म्हणून हा आलेख छापून जवळ ठेवावा असं मला वाटतं.

पायरी ३: टोकं बघा

बहुतेक जण ही पायरी घाईत करतात. शून्य ऊर्जेचं तरंगफलन काढलं, त्याचा वर्ग आखला, दोन्ही टोकांना उंचवटा दिसला, झालं. पण खरी गोष्ट फोड करण्यात आहे.

एन २० आणि म्यू १ घ्या. आता ऊर्जा नेमकी शून्य नसते, दशलक्षांशाच्या आसपास असते. शून्यापासूनची एवढी फूट संगणकाला स्पष्ट दिसते, त्यामुळे येणारं तरंगफलन कसंही मिसळलेलं नसतं. (म्यू ० ला दोन अवस्था तंतोतंत एकाच ऊर्जेच्या असतात आणि संगणक त्यांचं कुठलंही मिश्रण देऊ शकतो. 'एकच टोक दिसतंय, चुकलं का?' हा प्रश्न बहुधा तिथूनच येतो.) लहान धन ऊर्जेच्या तरंगफलनाचे पहिले २० आकडे म्हणजे इलेक्ट्रॉनचा भाग, पुढचे २० म्हणजे होलचा. त्यांची वजाबाकी आखा: ती फक्त डाव्या टोकाला दिसेल. बेरीज आखा: ती फक्त उजव्या टोकाला. वजाबाकीचे आकडे एका खाली एक छापले तर प्रत्येक पुढचा आकडा आधीच्याच्या उणे अर्धा येतो, कारण हे प्रमाण म्यू भागिले दुप्पट हॉपिंग एवढं असतं. आकडे डोळ्यांसमोर निम्मे-निम्मे होत जाताना बघणं मला आजही आवडतं. एका फर्मिऑनचे दोन अर्धे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये जवळजवळ काहीच नाही.

मग एन १० करून बघा. ऊर्जा हजाराव्या भागाच्या आसपास जाईल. दहा साइट वाढवल्या की फूट सुमारे हजारपटीने कमी होते. 'टोपोलॉजिकल संरक्षण' हा शब्द ज्यासाठी वापरतात ते हेच: दोन मायोराना एकमेकांपासून जितके दूर, तितकी त्यांची फूट घातांकी वेगाने कमी, आणि मध्ये कुठेतरी केलेल्या छोट्या ढवळाढवळीला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. प्रत्येक साइटच्या म्यूमध्ये थोडी यादृच्छिक भर घालून हेही पडताळून घ्या.

पायरी ४: खरी तार

स्पिन नसलेला अतिसंवाहक तयार मिळत नाही. तो घडवायची कृती २०१० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दिली: एकीकडे लचिन, साउ आणि दास सर्मा, दुसरीकडे ओरेग, रेफाएल आणि फॉन ओपेन. साहित्य तीनच गोष्टींचं. स्पिन-ऑर्बिट जोड (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांचा संबंध) जबर असलेल्या अर्धसंवाहकाची तार, म्हणजे इंडियम अँटिमनाइड किंवा इंडियम आर्सेनाइड. तिला चिकटलेला साधा अतिसंवाहक. आणि तारेच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र. क्षेत्रामुळे दोन स्पिनचे पट्टे वेगळे होतात आणि एकच पट्टा उरतो. पण स्पिन-ऑर्बिट जोडीमुळे त्या पट्ट्यात उजवीकडे जाणाऱ्या आणि डावीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन पूर्ण समांतर नसतात, म्हणून साध्या अतिसंवाहकालाही त्यांची जोडी लावता येते. अट अशी: झीमन ऊर्जेचा (क्षेत्रामुळे स्पिनला मिळणाऱ्या ऊर्जेचा) वर्ग हा डेल्टाचा वर्ग अधिक म्यूचा वर्ग यापेक्षा मोठा हवा.

आता आकडे घालू. इंडियम अँटिमनाइडसाठी परिणामी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या ०.०१५ पट, जी-गुणक ५०, स्पिन-ऑर्बिट गुणांक २० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर, आणि तारेत उतरलेली गॅप, म्हणजे डेल्टा, ०.२५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. (पुढे या एककाला मिलीईव्ही म्हणतो.) जी ५० म्हणजे एका टेस्लाला झीमन ऊर्जा सुमारे १.४५ मिलीईव्ही. म्हणजे म्यू ० असताना सुमारे ०.१७ टेस्लालाच अट पूर्ण व्हायला हवी. म्यू १ मिलीईव्ही असेल तर मात्र ०.७ टेस्लाच्या वर जावं लागतं, आणि तिथपर्यंत बरेच पातळ अतिसंवाहकही थकायला लागतात. म्यू किती आहे हे प्रयोगात थेट कळत नाही. विषयातली निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

तारेचे १० नॅनोमीटरचे तुकडे करा. हॉपिंग सुमारे २५.४ मिलीईव्ही येतं, आणि स्पिन-ऑर्बिट गुणांक भागिले तुकड्याची दुप्पट लांबी म्हणजे १ मिलीईव्ही. ३ मायक्रोमीटरच्या तारेला ३०० साइट, प्रत्येक साइटला चार घटक (दोन स्पिन, इलेक्ट्रॉन आणि होल), म्हणजे मॅट्रिक्स १२०० बाय १२००. साइटच्या चौकोनात तीन गोष्टी: दुप्पट हॉपिंग वजा म्यू, हे इलेक्ट्रॉन-होल चिन्हासह, तारेच्या दिशेच्या स्पिन मॅट्रिक्ससह झीमन ऊर्जा, आणि इलेक्ट्रॉन-होल जोडणारा डेल्टा. शेजारच्या चौकोनात इलेक्ट्रॉन-होल चिन्हासह उणे हॉपिंग, आणि त्याच चिन्हासह काल्पनिक एकक गुणिले तारेला आडव्या दिशेचा स्पिन मॅट्रिक्स गुणिले १ मिलीईव्ही. होलचे घटक लिहिताना स्पिन उलटा करून, दुसऱ्या घटकाला उणे चिन्ह देऊन लिहा, म्हणजे डेल्टा साध्या एकक मॅट्रिक्ससारखा येतो. कर्णाच्या खालच्या बाजूला वरच्या चौकोनाचं संयुग्मित पक्षांतर टाका. नुसती प्रत टाकली तर स्पिन-ऑर्बिट पद चुकतं, आणि नमपायचं हर्मिशियन फंक्शन एकच त्रिकोण वाचत असल्यामुळे ते तक्रारही करत नाही.

झीमन ऊर्जा ० पासून १ मिलीईव्हीपर्यंत नेत सर्वात खालच्या वीस-एक ऊर्जा आखा. ०.२५ जवळ गॅप मिटत येते. ती पूर्ण शून्याला टेकत नाही, कारण तार मर्यादित लांबीची आहे. पुढे शून्याजवळ एक जोडी वेगळी राहते. ०.५ मिलीईव्हीला या आकड्यांनी मायोरानाची पसरण सुमारे ५०० नॅनोमीटर निघते. यावरून ३ मायक्रोमीटर का घेतले ते लक्षात येईल. लांबी १ मायक्रोमीटर करा आणि तीच शून्य रेषा वर-खाली झोके घेताना दिसेल: दोन मायोराना एकमेकांना भेटू लागले आहेत.

क्षेत्राची दिशा बदलून बघायला विसरू नका. क्षेत्र स्पिन-ऑर्बिटच्या दिशेला वळवलं की सगळा खेळ मोडतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०१२ मध्ये इंडियम अँटिमनाइडच्या तारेत शून्य व्होल्टेजचं शिखर पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा ही दिशेची तपासणी त्यांच्या युक्तिवादाचा महत्त्वाचा भाग होती.

पायरी ५: प्रयोगात जे मोजतात ते मोजा

प्रयोगशाळेत ऊर्जांची यादी मिळत नाही, संवाहकता मिळते. त्यासाठी क्वांट ही मोफत पायथन लायब्ररी वापरा. तारेच्या डाव्या टोकाला साध्या धातूसारखी, म्हणजे डेल्टा शून्य असलेली लीड (प्रवाह आत-बाहेर नेणारी जोडतार) जोडा, आणि लीड व तार यांच्यामधल्या एक-दोन साइटवर हॉपिंगच्या बरोबरीचा अडथळा उभा करा. लीडमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे ओळखायला क्वांटला सांगावं लागतं. ते राहून गेलं तर परावर्तनाचे दोन प्रकार एकत्र येतात आणि आकड्यांना अर्थ उरत नाही. संवाहकता म्हणजे लीडमधल्या मार्गांची संख्या, वजा इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉन म्हणूनच परत येण्याची शक्यता, अधिक तो होल होऊन परत येण्याची शक्यता. एकक: इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक.

लॉ, ली आणि एनजी यांनी २००९ मध्ये दाखवलं की एकट्या मायोरानामुळे शून्य ऊर्जेला प्रत्येक इलेक्ट्रॉन होल होऊनच परततो. म्हणून शिखराची उंची बरोब्बर २ एकक, म्हणजे सुमारे ७७.५ मायक्रोसीमेन्स. अडथळा वाढवा: शिखर अरुंद होईल, उंची तीच राहील. अडथळा फारच वाढवला की तेच शिखर मधोमध दुभंगतं, कारण त्याची रुंदी आता दोन टोकांमधल्या फुटीपेक्षाही कमी झालेली असते.

मग तापमान घाला. फर्मी फलनाच्या उताराने संवाहकता सरासरावी लागते, आणि त्या उताराची रुंदी बोल्ट्झमान स्थिरांक गुणिले तापमानाच्या साडेतीन पट असते. ५० मिलीकेल्विनला ती सुमारे १५ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. शिखर याहून अरुंद असेल तर उंची २ च्या बरीच खाली येते. 'उंची २ नाही म्हणजे मायोराना नाही' असं म्हणता येत नाही ते यामुळे. दुर्दैवाने उलटंही म्हणता येत नाही.

पायरी ६: आता फसवं शिखर तयार करा

मला विचाराल तर ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. तारेच्या मुख्य भागात म्यू १ मिलीईव्ही ठेवा. म्हणजे झीमन ऊर्जा साधारण १.०३ होईपर्यंत तार टोपोलॉजिकल नाही. आता डाव्या टोकाच्या साधारण अर्ध्या ते एक मायक्रोमीटरमध्ये म्यू हळूहळू शून्याच्या खालीपर्यंत उतरवा. अचानक पायरी नको, मऊ उतार हवा. प्रयोगात गेट इलेक्ट्रोड (व्होल्टेज देऊन म्यू बदलायचं साधन) असाच उतार तयार करतं, त्यामुळे हे काही ओढूनताणून आणलेलं उदाहरण नव्हे.

झीमन ऊर्जा वाढवत न्या. १.०३ च्या बऱ्याच अलीकडे एक ऊर्जा शून्याजवळ येऊन तिथेच रेंगाळते. डावीकडून संवाहकता काढली तर शिखर दिसतं, आणि अडथळा योग्य निवडला तर उंचीही २ च्या आसपास स्थिर राहते. तरंगफलनाची पायरी ३ सारखी फोड केली की भेद उघड होतो: दोन्ही अर्धे डाव्याच टोकाला, एकमेकांवर अर्धवट पडलेले. त्यातला एक लीडशी घट्ट जोडलेला आणि दुसरा जवळजवळ तुटलेला, म्हणून लीडला एकटा मायोराना भेटल्यासारखं वाटतं. यांना क्वाझी-मायोराना म्हणतात. उतार अधिकाधिक अचानक करत गेलात की ही शून्य रेषा मोडते, तेही बघा.

यावर दोन तपासण्या आहेत. उजव्या टोकालाही लीड जोडा: खऱ्या मायोरानाला दोन्ही टोकांना एकाच क्षेत्राला शिखर हवं, क्वाझीला तशी सक्ती नाही. दुसरी, डावीकडे व्होल्टेज देऊन उजवीकडचा प्रवाह बघा. या दूरच्या संवाहकतेला तारेच्या मध्यातली गॅप दिसते. पायरी २ मधला आलेख इथे कामी येतो: गॅप मिटून पुन्हा उघडलेली दिसली नाही, तर टोकाच्या शिखराला टोपोलॉजिकल म्हणायला आधार नाही. याशिवाय तारेत चुकून तयार झालेला क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन अडकून राहतील अशी छोटी जागा) आणि कोंडो परिणाम (अशा अडकलेल्या स्पिनला भोवतालच्या इलेक्ट्रॉनांनी झाकणं) हेही शून्याला शिखर देतात.

पायरी ७: मग निबंध उघडा

आता वाद वेगळे दिसतील. 'नेचर'मध्ये २०१८ साली आलेला, शिखराची उंची बरोबर २ असल्याचं सांगणारा निबंध लेखकांनी २०२१ मध्ये मागे घेतला. जास्त व्यापक डेटा समोर आल्यावर तो दावा टिकला नाही. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मायोराना १' ही चिप जाहीर केली. त्याच वेळी 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात इंडियम आर्सेनाइड-अॅल्युमिनियमच्या उपकरणात पॅरिटी (इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम) एका झटक्यात मोजून दाखवली होती. मात्र त्याच्या परीक्षण-फाइलमध्ये संपादकांनी स्पष्ट लिहिलं की हे निष्कर्ष त्या उपकरणात मायोराना असल्याचा पुरावा नव्हेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पायरी ६ केलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. वाचताना मी आधी हे शोधतो: शिखर किती उपकरणांत दिसलं, गेटच्या किती पट्ट्यात टिकलं, आणि न दिसलेल्या पट्ट्याचे आलेख दिले आहेत का.

पायरी ८: दोन साइटची साखळी

शेवटी पुन्हा कितायेव्हकडे, पण सर्वात छोट्या रूपात. डेल्फ्टच्या गटाने २०२३ मध्ये अतिसंवाहकाच्या तुकड्याने जोडलेल्या दोन क्वांटम डॉटची साखळी प्रत्यक्षात आणली. हॉपिंग आणि डेल्टा तिथे हाताने जुळवता येतात, आणि दोन्ही समान झाले की प्रत्येक डॉटवर एकेक मायोराना बसतो. लांबीचं संरक्षण इथे नाही, पण काय चाललंय ते पूर्ण कळतं. मला ही वाट जास्त भरवशाची वाटते.

मॅट्रिक्स अवघा ४ बाय ४ आहे, तो कागदावरच मांडा. हॉपिंग १, डेल्टा १. पहिल्या डॉटचा म्यू ०.२ करा आणि दुसऱ्याचा ० ठेवा: ऊर्जा शून्यावरून हलणार नाही. आता दुसऱ्याचाही ०.२ करा. फूट म्हणजे दोन्ही म्यूंचा गुणाकार भागिले दुप्पट हॉपिंग, साधारण ०.०२. मग डेल्टा ०.९ करून, दोन्ही म्यू शून्यावर आणून, तीच ऊर्जा पुन्हा काढा.